जिन्याखालची पेटी

शरद,

तुझे अंत्यसंस्कार आटोपून आम्ही सगळे कॉव्हेंट्रीच्या तुझ्या घरी आलो, तेव्हा एतिएनने पिशवीतून एक बाटली काढली आणि सामोशांच्या ट्रेशेजारी टेबलावर ठेवली. हो, एतिएन आला होता. एवढ्या वर्षांनी, काठी टेकत. नेहाने त्याला फोन करून कळवलं होतं. तो येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

बाटलीवर नेहाच्या जन्माचं वर्ष होतं. बूच जुनं, अर्ध्यात तुटलं. नेहाचा नवरा टॉम मदतीला पुढे झाला, त्याला एतिएनने हाताने थांबवलं आणि उरलेला तुकडा स्वतःच काढला. वाइनचे ग्लास तू केव्हाच चॅरिटी शॉपला देऊन टाकले होतेस, म्हणून पाण्याच्या ग्लासांत ओतली. कडेला विटकरी, मध्ये अजून गडद लाल. वासांचं वर्णन करणं हे तुझं काम, मला ते कधी जमलं नाही. पण ती चांगली होती, शरद. मलासुद्धा कळावं इतकी चांगली.

नेहाने घोट घेतला आणि ती थांबली. "पण हे तर किती छान आहे," ती म्हणाली. "सेम वर्षाचा आहे ना? मग लग्नातला का खराब होता?" मग तीच हळू म्हणाली, "म्हणजे बाबाच चुकला. उगाच एवढा मोठा भांडण केला अंकल एतिएनशी."

एतिएनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे.

मी सामोसा खात होतो. मी तो खात राहिलो.

निघताना नेहाने मला दारात गाठलं. "मोहनकाका, मराठी मंडळाच्या अंकासाठी बाबावर तुम्हीच लिहा. तुम्हाला सगळं माहिती." मी हो म्हणालो. तर हे ते लिखाण. तू किती मनमिळाऊ होतास, गणपतीला आरास कशी करायचास, हे बाकीचे लिहितील. मला जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी एतिएन कोण ते सांगायला हवं. तू कारखान्यात तपासणीच्या खात्यात होतास. एका उन्हाळ्यात तू आणि शैलावहिनी गाडी घेऊन फ्रान्सला गेलात आणि बोर्दोच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर गाडी बंद पडली. जवळच एका कुटुंबाचा द्राक्षमळा होता. म्हातारा मालक, त्याची बायको, त्यांचा तुझ्याच वयाचा मुलगा एतिएन. तुझी गाडी काही दुरुस्त झाली नाही, पण तू त्यांचा बंद पडलेला पंप दुरुस्त केलास. त्या संध्याकाळी त्यांनी तुला त्यांची रेड वाइन पाजली आणि माझा मित्र कामातून गेला.

त्यानंतर दर वर्षी तू सुट्टी साठवून द्राक्षं तोडायला जायचास. मी कौन्सिलच्या ऑफिसात नोकरीला. म्हणायचो, "लोक सुट्टीत आराम करतात, तू शेतमजुरी करतोस." त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "मोहन्या, तुला काय कळणार, तुझ्या जिभेवर कौन्सिलचा शिक्का आहे." परत यायचास तेव्हा नखांत जांभळा रंग असायचा. माझ्या पुढ्यात ग्लास ठेवून विचारायचास, "कशी आहे?" मी म्हणायचो, "आंबट." तू खूश व्हायचास. मी पुन्हा आंबटच म्हणणार याची तुला खात्री असायची, आणि तरी तू ओतायचास.

नेहा दिवस भरायच्या आधीच झाली. तू मळ्यावर होतास. फोन मळ्याच्या घरात आला आणि एतिएनच्या वडिलांनी द्राक्षांच्या ओळींमधून ओरडत येऊन तुला सांगितलं. त्या घरात एक रीत होती. मूल जन्मलं की त्या वर्षाची एक पेटी बाजूला काढायची आणि त्याच्या लग्नात उघडायची. म्हातारा म्हणाला, या मुलीच्या बापाने आज आमची द्राक्षं तोडली आहेत, म्हणजे ही आमच्याच घरची. दोन वर्षांनी बाटल्या भरल्यावर तू ती पेटी डिकीतून आणलीस. लाकडी, वर मळ्याचं नाव जाळून उमटवलेलं.

तुझ्या घरात ती ठेवायला थंड जागा नव्हती. मग तू थर्मामीटर घेऊन मित्रांची घरं पालथी घातलीस. कोणाच्या गॅरेजमध्ये, कोणाच्या शेडमध्ये. शैलावहिनी म्हणाल्या, "लोक मुलीसाठी स्थळं बघतात, आमचे हे पेटीसाठी बघतायत." शेवटी लंडनच्या टोकाला, पिनरला आमच्या जिन्याखालचं कपाट तुला पसंत पडलं. उत्तरेची भिंत, खाली काँक्रीट, उजेड नाही. पेटी आडवी ठेवून तू मला बजावलंस. "हात लावायचा नाही. हलवायची नाही. उष्णता तर अजिबात नको. बाकी काही करायचं नाही, मोहन्या. काहीही न करणं हे काम आहे. तुला जमेल."

मला तेही जमलं नाही.

आम्ही स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हा तिथलं देवघर हलवावं लागलं. जिन्याच्या पोटाशी एक कोनाडा होता, सुमनने देव तिथे मांडले. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की बरोबर खाली तुझी पेटी आहे. "अहो, देवाखाली दारू नको," ती म्हणाली. "शरदभाऊजींना विचारा आणि दुसरीकडे ठेवा."

हे वाचून कोणी सुमनला दोष देईल, म्हणून स्पष्ट लिहितो. ती 'विचारा' म्हणाली होती. मी विचारलं नाही. तुला फोन केला असता तर तू त्याच दिवशी गाडी काढून आला असतास, पुन्हा थर्मामीटर, पुन्हा सगळी वरात. मला कंटाळा आला. एवढंच कारण आहे. मी पेटी वरच्या मजल्यावर नेली आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली. इथल्या घरांतून टॉवेल वाळवायला जे कपाट असतं, तेच. बाटल्या उभ्या राहिल्या, कारण पेटी आडवी मावत नव्हती. मनाशी म्हटलं, चार दिवस. जागा सापडली की हलवू.

मग तू आलास. जेवायला आला होतास, सहज. जाताना जिन्याखालच्या कपाटाच्या दारावर हलकी थाप मारलीस आणि विचारलंस, "काय, पोर झोपलीय ना?"

त्या क्षणी सांगायचं होतं. पेटी वर जाऊन आठवडासुद्धा झाला नसेल, काही बिघडलं नसेल. तू मला चार शिव्या घातल्या असत्यास आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणालो, "झोपलीय."

तू दर वेळी विचारायचास. दार उघडायचा नाहीस, पोरीची झोप मोडू नये म्हणून. फक्त थाप. आणि मी दर वेळी म्हणायचो, झोपलीय. एकदा खोटं बोललो म्हणून दुसऱ्यांदा बोललो, आणि मग ते खोटं आहे हे माझं मलाच आठवेनासं झालं. टॉवेल काढताना ती पेटी रोज दिसायची. माणूस रोज दिसणारी वस्तू बघत नाही. नेहा शाळेत गेली, कार्डिफला युनिव्हर्सिटीत गेली, नोकरीला लागली, आणि पेटी टाकीशेजारी उभी राहिली.

नेहाचं लग्न ठरलं आणि तुझा फोन आला. "मोहन्या, पोरीला न्यायला येतोय." मी फोन ठेवला, वर गेलो आणि पेटी उघडली. एका बाटलीचं बूच वर सरकलं होतं, गळ्याभोवती चिकट ओघळ वाळला होता. मी तो ओल्या फडक्याने पुसला. बूच अंगठ्याने दाबून बसवलं. मग पेटी खाली आणून पुन्हा जिन्याखाली आडवी ठेवली, अगदी तू ठेवली होतीस तशी. हे मी घाबरून केलं नाही, शरद. अगदी शांतपणे केलं. सुमन देवळात गेली होती, ती येण्याच्या आत केलं.

तू आलास, दार उघडलंस, खाली बसून पेटीवर तळहात ठेवलास. "बघ," तू म्हणालास, "कसं थंडगार ठेवलंय." आणि माझ्या खांद्यावर हात टाकलास.

लग्नाच्या जेवणात तू सूट घालून स्वतः बाटल्या उघडत होतास. पहिला ग्लास एतिएनला. त्याचे वडील तोवर गेले होते, म्हणून तो एकटा त्या घराच्या वतीने आला होता. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा बदलला. तू घोट घेतलास. तुझाही बदलला. वाइन तपकिरी पडली होती, करपलेल्या साखरेसारखा वास येत होता. तू दुसरी उघडलीस. मग तिसरी.

एतिएनने हळूच विचारलं, "शरद, ही कुठे ठेवली होती?"

"लंडनमधल्या सगळ्यात थंड कपाटात," तू म्हणालास. "मोहनकडे."

आसपासचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेहा हिरव्या शालूत, टॉमचे आईवडील, मंडळाची मंडळी. मी म्हणालो, "जिन्याखाली. पहिल्या दिवसापासून."

एतिएन म्हणाला, "या वाइनला उष्णता लागली आहे. खूप वर्षं."

तो कोणावर ओरडला नव्हता. पण तू त्याच्याकडे वळलास. "माझा मित्र खोटं बोलतो असं म्हणायचंय तुला?"

"मी वाइनबद्दल बोलतोय."

"मग असं म्हण की तुझ्या बापाला त्या वर्षी वाइन करता आली नाही!"

तुला ते बोलायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. तुझं त्या म्हाताऱ्यावर प्रेम होतं, गेला तेव्हा तू मुलासारखा रडला होतास. पण एका बाजूला तुझा जुना मित्र होता आणि दुसऱ्या बाजूला एक बाटली, आणि तू मित्राची बाजू घेतलीस. एतिएनने रुमाल घडी करून टेबलावर ठेवला, नेहाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मी तिथे बसलो होतो. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

त्यानंतर तू मळ्यावर गेला नाहीस. वाइन सोडलीस. शरद एकदम बदलला असं लोक म्हणायचे, वय झालं म्हणायचे, पुढे शैलावहिनी गेल्या तेव्हा लोकांना तेही एक कारण मिळालं. मला कारण ठाऊक होतं. मी काय केलं? तुला समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. "जाऊ दे, एतिएनला फोन कर, मन मोठं कर." आपलं शेवटचं भांडणही त्यावरूनच झालं, हॉस्पिटलमध्ये. तू उशीला टेकून बसला होतास. मी पुन्हा तेच काढलं. तू वैतागून म्हणालास, "मी का माफी मागू? त्याने तुला खोटारडा ठरवलं, मोहन्या. तू विसरलास, मी नाही विसरलो."

मी तुझं पांघरूण नीट केलं. आणि पार्किंगची वेळ संपत आली म्हणून निघालो.

सुमनच्या ऑपरेशनच्या वेळी तू दर शनिवारी कॉव्हेंट्रीहून यायचास. माझे शर्ट इस्त्री करायचास, इतके वाईट की ऑफिसात लोक हसायचे. पिठलं करायचास, त्यात गुठळ्या असायच्या. मला धीर देणारं एक वाक्यही तू कधी बोलला नाहीस, फक्त शेजारी बसून क्रिकेट बघायचास. या देशात आल्यावर आपण दोघे एका खोलीत राहिलो, तेव्हापासून तू असाच. माझ्यासाठी जे करायचास ते कधी बोलून दाखवलं नाहीस. मी जे केलं तेही कधी बोललो नाही. बघ, मौनातसुद्धा किती फरक असतो.

तुझ्या घरून परतल्यावर सुमनला मी एतिएनच्या बाटलीबद्दल सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग नेहाला सांगितलंत ना, पेटी आपल्याकडे वर होती ते?"

मी मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.

"अहो," ती म्हणाली. हातातली मेथी खाली ठेवली. "भाऊजींना तर सांगितलं होतंत ना? लग्नानंतर? मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बोललो, मिटलं."

ते खोटं मला आठवतसुद्धा नव्हतं.

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "ते गेले हो तसेच." आणि भाजी तशीच टाकून उठली. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

म्हणून हे छापायला देण्याआधी मी कॉव्हेंट्रीला गेलो. नेहाने हे अंकात वाचावं असं मला वाटलं नाही. ती तुझं घर आवरत होती. तुझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. टाकी, टॉवेल, पुसलेला ओघळ. ती तुझे डबे खोक्यात भरत राहिली. संपल्यावर म्हणाली, "या," आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये घेऊन गेली.

कोपऱ्यात, भिंतीशी, विटांवर, तीच लाकडी पेटी. आडवी. शेजारी खिळ्याला तुझा थर्मामीटर टांगलेला. मला वाटलं होतं तू ती लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी फेकून दिली असशील.

नेहाने मग इंग्रजीतच सांगितलं, तिला मराठी पुरेना. तिच्या दर वाढदिवसाला तू यातली एक बाटली उघडायचास. एक घोट घ्यायचास, थांबायचास, आणि उरलेली सिंकमध्ये ओतायचास. "अजून नाही," म्हणायचास. एतिएनच्या वडिलांनी तुला शिकवलं होतं म्हणे, की काही वाइन मधेच काही वर्षं मुकी होते, वाईट लागते, आणि मग आपली आपण परत येते. तू तिची वाट बघत होतास. नेहाला तू म्हणाला होतास, "ती जागी झाली ना, की त्याच दिवशी एतिएनला फोन करणार. म्हणणार, तुझ्या बापाने उत्तम वाइन केली होती आणि माझा मित्रही खरं बोलत होता."

दोघेही खरे ठरावेत म्हणून तू दर वर्षी ते करपलेलं पाणी तोंडात घेत होतास. हॉस्पिटलमध्ये मी तुला मन मोठं करायला सांगत होतो.

पेटीत एकच बाटली उरली होती.

"काका, मला आता तुमच्याशी काही बोलायचं नाही," नेहा मराठीत म्हणाली. प्रत्येक शब्द जपून, बरोबर. "पण अंकल एतिएनला फोन करा. माझ्यासमोर."

मी केला. तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं. पलीकडे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हे मला माहीत आहे. वाइनने मला तेव्हाच सांगितलं."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"शरदला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" आणि त्याने फोन ठेवला.

नेहाने मला स्टेशनवर सोडलं. गाडीतून उतरली नाही. मी दार उघडलं तेव्हा मागच्या सीटवरून तिने जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ती शेवटची बाटली माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडेच असू दे," एवढंच म्हणाली. पिनरपर्यंत मी ती मांडीवर आडवी धरून आणली.

घरी सुमनने दार उघडलं. तिने बाटली माझ्याकडून घेतली. मला वाटलं बाहेर शेडमध्ये ठेवेल. ती जिन्यापाशी गेली, देवाच्या कोनाड्याखालचं कपाट उघडलं, आत वाकून बाटली भिंतीशी आडवी ठेवली आणि दार लावून घेतलं. "आता राहू दे इथेच," म्हणाली.

तिथे ती थंड राहील. उजेड नाही, हलवणार कोणी नाही. तिच्यात वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी येता-जाता माझा हात त्या दाराशी थांबतो. तुझी थाप ऐकू येते, आणि मागोमाग प्रश्न.

नाही, शरद. झोपलेली नाही. मी तिला तुझ्या पाठीमागे वर नेली होती, आणि तिथेच ती मेली.